दिवाणजींच्या दोन एकादश्या

सुनीतीबाई पाटणकर घराबाहेर पडल्या की काशीतल्या भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत चहाच्या टपरीवर बसलेली मंडळी आपसात पैज लावतात. बाई पानवाल्यापर्यंत जाऊन परत फिरणार, की दुधाच्या दुकानापर्यंत? परत फिरणार याबद्दल वाद नसतो. कुलूप ओढून पाहायचं राहिलेलं असतं. ते ओढून पाहिलं की गॅसचं बटण आठवतं. त्यासाठी कुलूप काढायचं, बटण पाहायचं, पुन्हा लावायचं आणि अर्थातच पुन्हा ओढून पाहायचं.

मुलींच्या शाळेत त्यांनी हयातभर गणित शिकवलं. तिथेही उत्तर बरोबर आलं की त्यांना संशय यायचा. "इतक्या लवकर कसं आलं?" असं विचारायच्या, आणि बिचारी मुलगी बरोबर आलेलं उत्तर खोडून टाकायची. एकदा पहाटे नवऱ्याचं घोरणं थांबलं म्हणून त्यांनी शेजारपाजार उठवला होता. लोक धोतरं सावरत वर धावले, तर नरहरशास्त्री कूस बदलून सुखाने झोपलेले. तेव्हापासून "पाटणकरबाई घाबरल्यात" ही बातमी आमच्याकडे "मणिकर्णिकेच्या स्मशानात धूर निघतोय" या बातमीइतकीच ताजी मानली जाते.

नरहरशास्त्री बरोबर उलटे. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची तीर्थश्राद्धं, अभिषेक, गंगापूजन हा त्यांचा व्यवसाय. दशाश्वमेध घाटावर यजमानांसाठी बसायची त्यांची छत्री आहे. पुराचं पाणी गळ्याशी आलं तरी हा माणूस आधी पंचांगात पाहील की आज प्रवासाला दिशा कोणती बरी. मुलगा विश्वेश नोकरीपायी परगावी. सून रुची इथल्याच एका बँकेत कामाला, त्यामुळे ती सासू-सासऱ्यांकडे. तिचं मराठी सासूशी सुरू होतं आणि वाक्य संपेपर्यंत हिंदीत पोचलेलं असतं.

आणि चौथे दिवाणजी.

दिवाणजी म्हणजे पोपट. घाटाच्या दगडी भिंतीतल्या भोकांमधून पोपटांची घरटी असतात. तिथून एका वादळात हे पिल्लू खाली पडलं, एक पंख कायमचा वाकडा झाला आणि उडणं कधी जमलंच नाही. सुनीतीबाईंनी पदरात घालून घरी आणलं. दिवाणजी हे नाव त्याच्या बघण्यामुळे पडलं. मान वाकडी करून एका डोळ्याने तो समोरच्या माणसाकडे असा पाहायचा, की आपण कुठला तरी कागद आणायचा विसरलो असं वाटावं. शास्त्रीबुवा यात्रेकरूंना जे विचारतात ते ऐकून ऐकून तोही दारात माणूस दिसला की विचारायचा, "कोण गावचे?" नागपूर, कराड, जालना, कुठलंही नाव सांगा, पुढचा प्रश्न ठरलेला. "पाय धुतले?"

सगळ्यांशी बोलायचा, पण चावायचा फक्त सुनीतीबाईंना. पिंजरा त्या साफ करायच्या, पाणी त्या बदलायच्या, पेरूच्या फोडी त्या करून द्यायच्या आणि बोटाचा लचका त्यांचाच. "आमच्या शास्त्रीबुवांवर गेलाय," असं त्या म्हणायच्या. शास्त्रीबुवा त्यावर काही बोलायचे नाहीत, हे मात्र सगळ्यांनी नीट लक्षात ठेवलेलं आहे.

तर यंदा ज्येष्ठात काशीत ऊन असं तापलं होतं की घाटाच्या पायऱ्यांवर दुपारी कुत्रंसुद्धा पाय टेकेना. त्यात निर्जला एकादशी आली, आणि आली तीही पंचांगात दोन दिवस पसरून. तिथी अशी दोन दिवसांत सांडली की पहिल्या दिवशीची स्मार्तांची आणि दुसऱ्या दिवशीची भागवतांची. पाटणकर स्मार्त. त्यांचा उपास पहिल्या दिवशी, आणि तोही घोटभर पाण्याशिवाय.

त्या सकाळी रुचीच्या लक्षात आलं की दिवाणजींनी भिजवलेल्या चण्यांना तोंड लावलेलं नाही. पाण्याची वाटी भरलेली तशीच. दांडीवर डोळे अर्धवट मिटून बसलेत.

"बाबा, दिवाणजी का भी व्रत है," ती हसत म्हणाली आणि मोबाइलवर त्याचं चित्रीकरण केलं.

एवढं पुरे झालं. दुपारपर्यंत ते आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात पोचलं होतं, आणि संध्याकाळी मुक्ताकाकू स्वतः जिना चढून आल्या. मुक्ताकाकू आमच्या वस्तीतल्या सगळ्यांत वयस्कर बाई. गुडघे दुखतात म्हणून त्या विश्वनाथालाही खालूनच हात जोडतात. त्या वर आल्या म्हणजे प्रकरण मोठंच. त्यांनी पिंजऱ्यासमोर डोकं टेकलं. मग सगळ्यांनीच टेकलं. दिवाणजींना उकडत असेल म्हणून कुणीतरी कूलरचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. शास्त्रीबुवा उपाशी असूनही असे तुकतुकीत दिसत होते, की पोपटाचं पुण्य परस्पर त्यांच्याच अंगी लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी पारणं. शास्त्रीबुवांनी सोडलं, सुनीतीबाईंनी सोडलं. दिवाणजींनी सोडलं नाही. चणे तसेच, पाणी तसंच.

"अहो, यानं आजही काही खाल्लं नाही."

शास्त्रीबुवांनी पंचांगातून मान वर केली आणि शांतपणे म्हणाले, "आज भागवत एकादशी आहे."

"मग?"

"मग काय? तो भागवत आहे. आपण स्मार्त आहोत म्हणून त्याच्यावर सक्ती कशी करायची?"

थट्टा केली असती तर सोडून देता आलं असतं. पण हे ते मनापासून म्हणाले. दोन दिवसांच्या एकादशीचा असा उलगडा करणारा शास्त्री काशीत दुसरा सापडणार नाही.

"काल तुमच्याबरोबर धरली, आज त्यांच्याबरोबर. दोन्ही कशा धरेल?"

"कालची तयारी होती," शास्त्रीबुवा म्हणाले.

आता सुनीतीबाईंची काय अवस्था झाली असेल, बघा. त्या पिंजऱ्यापाशी जायच्या, बघायच्या, स्वयंपाकघरात जायच्या, हात धुवायच्या, परत यायच्या. कुलपासाठी परत फिरतात तसंच, फक्त आता कुलूप जिवंत होतं. बाहेर लूचा भाजून काढणारा वारा वाहत होता. कावळे चोची उघडून, पंख अंगापासून सोडवून बसले होते. आणि हा मात्र पिसं फुलवून गोळा होऊन बसलेला, माघातल्या पहाटेसारखा. घामाच्या धारा लागाव्यात अशा दुपारी कुणी शाल पांघरून बसतं का? तेही एका पायावर नाही. पोपट सुखात असला की एक पाय पोटाशी घेऊन झोपतो. हा दोन्ही पायांनी दांडी धरून होता, पडू नये म्हणून धरतात तशी. प्रत्येक श्वासाला शेपटी खाली-वर होत होती. पिंजऱ्यातल्या कागदावर रोज असतात तसे ठिपके नव्हते, होतं ते पातळ, गर्द हिरवं पाणी. रात्रीपासून त्याने एकालाही गाव विचारलं नव्हतं.

त्यांनी गजांतून बोट आत घातलं. दिवाणजींनी मान खाली केली आणि डोकं खाजवून घेतलं.

रुची मागे उभी होती. "अय्या आई, किती शांत झालेत ना. व्रत का असर है."

"तो चावला नाही," सुनीतीबाई म्हणाल्या.

"तेच तर म्हणतेय मी."

"रुची, तो मला चावला नाही. डॉक्टर शोध."

रुचीने सासऱ्यांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांनी, बायकोच्या नजरेला पडणार नाही इतपतच, मान हलवली. घोरण्याच्या पहाटेची आठवण घरात कुणालाच काढावी लागत नाही. "आई, तुम्ही टेन्शन घेता उगाच," रुची म्हणाली. "कल तक देखते हैं."

"आणि न्यायचं कुठे?" शास्त्रीबुवांनी पुढे जोडलं. "पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे. सरकारी दवाखान्यात नेलं तर आधी तुलाच पिंजऱ्यात घालतील. शिवाय दुपारी नागपूरचे यजमान येताहेत. त्यांना दिवाणजींचं दर्शन घ्यायचंय. मी शब्द दिलाय."

दुपारी नागपूरची मंडळी आली, त्यांच्यामागून गल्ली आली, आणि सगळ्यांत पुढे मुक्ताकाकू. हातात गंगाजलाची लोटी आणि तुळशीचं पान. दोन्ही एकादश्या निर्जळ करणाऱ्या जिवाला तीर्थ द्यायचं त्यांनी मनात घेतलं होतं. सुनीतीबाई पाहुण्यांना पन्हं द्यायला आत गेल्या होत्या तेवढ्यात काकूंनी पिंजऱ्याचं दार उघडलं, दिवाणजींना मुठीत धरलं आणि चोचीत पळीभर गंगाजल ओतलं.

दिवाणजी शिंकले. डोकं झटकलं. नाकपुड्यांतून पाणी आलं. मग ते काकूंच्या हातून निसटून पिंजऱ्याच्या तळाशी उतरले आणि कोपऱ्यात चोच टेकून बसले.

"बघा कसे लीन झालेत," नागपूरच्या यजमानीणबाई म्हणाल्या.

सुनीतीबाईंच्या हातातलं पन्ह्याचं तबक टेबलावर इतक्या जोरात आलं की चमचे उडाले.

"काकू, या गावात तोंडात गंगाजल कुणाच्या घालतात ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. माझ्या पोपटाला ते अजून द्यायचं नाहीये."

सुनीतीबाई कुणाच्या अंगावर आल्याचं आमची गल्ली पहिल्यांदा पाहत होती. एरवी त्या स्वतःच्याच अंगावर येतात. त्यांनी कूलर बंद केला. चपलांचं खोकं रिकामं करून त्याला भोकं पाडली, आत मऊ टॉवेल घातला आणि दिवाणजींना त्यात ठेवलं. रुची तोवर खिडकीशी जाऊन फोनवर बोलत होती. बँकेतल्या कुणाचा ससा बरा केलेली एक पक्षी-प्राण्यांची डॉक्टरीण गंगेपलीकडे रामनगरला होती.

"नावेने गेलो तर लवकर पोचू," रुची म्हणाली.

"पाण्यावर वारा असतो. पुलावरून."

"अगं, पण पाहुणे," शास्त्रीबुवा म्हणाले.

"पाहुणे खाऊन-पिऊन ठणठणीत आहेत," असं म्हणून सुनीतीबाई जिना उतरल्या. आणि टपरीवरच्या लोकांना सांगायला आनंद वाटतो की त्या दिवशी त्या एकदाही परत फिरल्या नाहीत. कुलूप लावायचंच नव्हतं म्हणा, आत निम्मी गल्ली बसली होती.

चौकापर्यंत पायी. वाटेत मणिकर्णिकेकडे निघालेली एक तिरडी आडवी आली. अरुंद गल्लीत भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. "राम नाम सत्य है" म्हणत माणसं खांद्याला खांदा घासून जात होती, आणि बाई खोक्याचं झाकण बोटभर उचलून शेपटी हलते का पाहत होत्या. पुढे ई-रिक्षा. गोदौलियाच्या नाक्यावर अडकली, लंका नावाच्या वस्तीत अडकली. बाई झाकण उचलायच्या, मिटायच्या.

"आई, सारखं उघडू नका ना, त्याला त्रास होतो."

"बघितलं नाही तर मला होतो."

पुलावर ऊन नुसतं पांढरं होतं. खाली गंगा आटून वाळूच्या पट्ट्याशी चिकटलेली. इथे खोक्यात काहीतरी घसरल्याचा आवाज झाला आणि रुचीने, आता मात्र न सांगता, रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, ज़रा जल्दी."

डॉक्टरीणबाईंचं नाव हिमानी. त्यांनी आधी त्याला हात लावलाच नाही. खोकं उघडं ठेवून लांबून नुसतं पाहत बसल्या. मग अलगद टॉवेलमध्ये धरून वजन केलं, छातीवरून बोट फिरवलं. मधलं हाड बोटाला टोचत होतं. गळ्याखाली बोट नेलं आणि तिथेच थांबल्या.

"कब से नहीं खाया?"

"दोन दिवस. म्हणजे, एकादशीपासून. घरी सगळे म्हणत होते की उपास आहे," सुनीतीबाईंनी सांगितलं. सांगताना त्यांना लाज वाटली.

"माताजी, इनका पेट भरा हुआ है."

पोपटाच्या गळ्याशी एक पिशवी असते. खाल्लेलं आधी तिथे साठतं, मग हळूहळू खाली उतरतं. दिवाणजींची पिशवी भिजवलेल्या कणकेसारखी लागत होती. बारीक नळी घालून कोमट पाणी आत सोडलं, हलकेच चोळलं, बाहेर काढलं. आंबूस वास खोलीभर पसरला, आणि काचेच्या वाटीत उतरले साबुदाण्याचे दाणे, तुपाने एकमेकांना चिकटलेले.

रुचीचा चेहरा उतरला. सोमवारी तिचा उपास असतो, आणि एकादशीच्या आदल्या दिवशी सोमवारच होता. खिचडी करते. दिवाणजी "बसा, बसा" करत मागे लागले की चमच्याने भरवते. "मीच दिली," ती म्हणाली. "हर सोमवार देती हूँ. कभी कुछ नहीं हुआ."

हिमानीबाईंनी तिला रागे भरलं नाही. एवढंच समजावलं की मीठ, तूप, साबुदाणा हे त्याचं खाणं नव्हे. एखाद्या वेळी पचतं, एखाद्या वेळी अडकतं आणि आंबतं. पक्षी आजार लपवतात, कारण थव्यात जो ढिला दिसतो त्यालाच ससाणा आधी उचलतो. तो फुगून बसलेला आपल्याला दिसला, याचा अर्थ लपवायची ताकद संपली. गंगाजलाचं ऐकून मात्र त्या थबकल्या आणि बराच वेळ कानाला नळी लावून छाती ऐकत राहिल्या. श्वासनळीत गेलं असतं तर इथवर आलाच नसता, म्हणाल्या.

कायद्याचं सुनीतीबाईंनी स्वतःच काढलं. त्यांच्याच्याने राहवलं नाही.

"मैं डॉक्टर हूँ, दारोगा नहीं," हिमानीबाई म्हणाल्या. "उडता येत नाही ना? वन विभागाला कळवून टाका. पण आधी याला जगू द्या."

जगेल की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. औषध दिलं, पातळ खाऊ कसा कालवायचा आणि चोचीच्या कडेने थेंब थेंब कसा द्यायचा ते दाखवलं. वारा नको, गडबड नको, हाताळणं नको, माणसं नकोत. वाटी आणि दांडी खाली ठेवा. आज-उद्याचा काळ कठीण आहे. निघताना रुचीला त्यांनी विचारलं, "पहचाना किसने?" रुचीने सासूकडे बोट केलं. सासू तोवर खोक्याचं झाकण उघडून पाहत होती.

माणसं नकोत, हे वाक्य ऐकून सुनीतीबाईंनी तिथूनच घरी फोन लावला. आता फोन ठेवल्यानंतरचा भाग मी शास्त्रीबुवांच्या तोंडून नव्हे, त्या खोलीत बसलेल्यांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून जास्त खात्रीचा आहे.

"त्याचा उपास नव्हता. गळ्यापर्यंत खिचडी भरली होती. आम्ही यायच्या आत सगळ्यांना घालवा."

शास्त्रीबुवांनी फोन खाली ठेवला. समोर नागपूरचं अख्खं कुटुंब मांडी घालून बसलेलं. स्मार्त आणि भागवत यांतला भेद पोपटाच्या दाखल्याने त्यांनी नुकताच समजावून सांगितला होता. आता या लोकांना खिचडी कशी सांगायची? ते जरा घुटमळले. मग घसा साफ करून म्हणाले, "गावाकडून वार्ता आली. आम्हाला सोयर आलंय. माफ करा, आता इथे थांबता येणार नाही."

सोयर म्हणजे घराण्यात मूल जन्मल्याचा विटाळ. अशा घरात कुणी पाणी पीत नाही. खोली पाहता पाहता रिकामी झाली. युक्ती इतकी बिनतोड होती की शास्त्रीबुवांना स्वतःचं कौतुक वाटलं असणार. यजमान जिन्यातून उतरता उतरता वळून म्हणाले, "म्हणजे गुरुजी, उद्याचं आमचं तीर्थश्राद्ध...?"

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. सोयर असलेल्या ब्राह्मणाला दहा दिवस कसलंही धर्मकृत्य चालत नाही. श्राद्ध नाही, अभिषेक नाही, घाटावर छत्रीखाली बसणं नाही. ऐन यात्रेच्या दिवसांत. आणि शब्द मागे घ्यावा, तर खिचडी सांगावी लागणार.

"दुसरे गुरुजी देतो," ते म्हणाले.

दहा दिवस दशाश्वमेधावर त्यांची छत्री मिटलेली होती. आमच्याकडे चर्चेला ऊत आला. कुणाला मूल झालं? विश्वेश तर इथे नाही. रुची तर रोज बँकेत जाते. कुणीतरी सुनीतीबाईंकडेही संशयाने पाहिलं, पण वयाचा हिशेब जुळेना. शेवटी शास्त्रीबुवांनी गोंदियाला एक चुलतपुतण्या निर्माण केला आणि त्याला मुलगा दिला.

पण या रिकाम्या दिवसांनी एक केलं. सुनीतीबाई पहिल्या रात्रभर खुर्चीवर ताठ बसून होत्या. सकाळी त्या पिचकारी पुढे नेऊन इतक्यांदा मागे घेऊ लागल्या की खाऊचा थेंब चोचीला लागेना. शास्त्रीबुवांनी त्यांच्या हातून पिचकारी घेतली. संध्या करताना पळीतून पाणी सोडतात त्या हाताने त्यांनी चोचीच्या कडेला एक थेंब सोडला, थांबले, दुसरा सोडला. बाहेर कामच नव्हतं, त्यामुळे घाई नव्हती. औषध त्यांनी दिलं, कागद बाईंनी पाहिला. कागदावरचं हिरवं पाणी आधी घट्ट झालं, मग त्यात पांढरं दिसू लागलं, आणि सुनीतीबाई तो कागद घेऊन नवऱ्यापुढे अशा उभ्या राहिल्या जसं काही पोराचं प्रगतिपुस्तकच आणलंय.

"बघा."

"अगं, मी जेवतोय."

"जेवता जेवता बघा."

पिसं अंगाला चिकटली. शेपटीची वरखाली थांबली. एका दुपारी दिवाणजींनी स्वतः उकडलेल्या भोपळ्याची फोड पायात धरली आणि अर्धी खाल्ली, अर्धी भिंतीवर उडवली. भिंत पुसायला सुनीतीबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. सोमवारची खिचडी रुची आता दार लावून खाते.

सोयर फिटल्याच्या दुसऱ्या दिवशी मुक्ताकाकू हजर. त्या दिवशीचा राग त्यांनी धरला नव्हता, निदान जिन्यावर तरी. पिशवीतून त्यांनी पिवळं झबलं आणि लोकरीचं टोपडं काढलं. गोंदियाच्या बाळासाठी त्यांनी स्वतः विणलं होतं.

"घ्या गं. आणि बाळाचं नाव काय ठेवलं?"

सुनीतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पंचांग चाळू लागला. काकूंनी टोपडं पिंजऱ्यावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्याची नाडी गजांतून आत गेली, आणि कुणाच्या लक्षात येईस्तोवर दिवाणजींनी ती खेचून घेऊन गोंड्याच्या चिंध्या केल्या. चोचीत पिवळी लोकर, पायाखाली पिवळी लोकर.

"अगंबाई, किती छान खेळतोय," काकू म्हणाल्या.

सुनीतीबाई उठल्याच. एक हात पिंजऱ्यात, दुसऱ्या हाताने चष्मा. त्यांनी चोचीतला धागा सोडवला, तळाच्या चिंध्या गोळा केल्या, टेबलावर मांडल्या आणि उरलेल्या नाडीशी जोडून पाहू लागल्या. मधला एक तुकडा सापडेना.

"गिळला असेल का हो?" त्यांनी विचारलं. त्यांनी पिंजऱ्यातला कागद बदलला, नवा पांढरा घातला, आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.